ऑर्डरमधला खोका आलाच नाही तर? स्वयंचलित पॅलेट लोडिंगवर नव्याने लागलेल्यांसाठी

सुपरमार्केटच्या साखळीला माल पुरवणाऱ्या गोदामातून दुकानाकडे जाणाऱ्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौथऱ्यावर, एकाच जातीचा माल क्वचितच असतो. तेल, साखर, बिस्किटं, साबण, केचपच्या बाटल्या असं सगळं एकाच पॅलेटवर थरांत रचून जातं. आपल्याकडे ही थप्पी बहुतेक ठिकाणी अजूनही माथाडी कामगार लावतात. स्वयंचलित गोदामात मात्र संगणक आधी अख्ख्या थप्पीचा नकाशा काढतो, शटल (रॅकमधून खोके काढणाऱ्या छोट्या गाड्या) आणि कन्व्हेयर (सरकते पट्टे) ठरलेल्या क्रमाने खोके आणतात आणि रोबॉट ते रचतो. विट्रॉनची ओपीएम असो, स्विसलॉगची एसीपॅक असो, की अमेरिकेत वॉलमार्टच्या वितरण केंद्रांत बसवलेली सिम्बॉटिकची यंत्रणा असो, मुळातलं काम हेच.

प्रत्येक खोका वेळेवर आला की हे काम बघत राहावंसं वाटतं. पण रोज काही खोके येत नाहीत. जागेवर मालच नसतो, बारकोड वाचला जात नाही, खोका फाटलेला निघतो. अशा वेळी स्क्रीनवर 'स्किप'चं बटण असतं आणि नवीन ऑपरेटरचा हात आपसूक तिकडे जातो. माझं सांगणं एवढंच, की बटण दाबण्याआधी त्या खोक्याच्या डोक्यावर काय येणार आहे ते बघा. ऑर्डरमध्ये एक नग कमी पडला तर दुकानदार फार तर कुरकुर करेल. तळातला आधार गेला तर सगळी थप्पी कसारा घाटात कलंडेल.

नकाशा कुणाकडे असतो

ऑर्डर ईआरपीतून, म्हणजे कंपनीच्या मुख्य व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमधून, डब्ल्यूएमएसकडे, म्हणजे गोदाम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे येते. कुठल्या जागेवर कुठला माल किती, हे डब्ल्यूएमएसला माहीत असतं. त्याच्याखाली डब्ल्यूसीएस, हे शटल, क्रेन आणि कन्व्हेयर हलवतं. थप्पीचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर बहुधा वेगळं असतं. त्यात प्रत्येक खोक्याचा क्रम, त्याची एक्स, वाय, झेड जागा आणि तो आडवा ठेवायचा की उभा, हे लिहिलेलं असतं. सगळ्यात खाली पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) आणि रोबॉटचा कंट्रोलर. रोबॉटला तेल काय आणि टिश्यू पेपर काय, काही कळत नाही. सतरावा खोका या जागी, या उंचीवर सोड, एवढंच त्याला कळतं.

नव्या जागी कामाला लागलात की पहिल्याच आठवड्यात कंट्रोल रूममधल्या माणसाला विचारा: डब्ल्यूएमएसने माल शॉर्ट दाखवला तर ती बातमी नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचते का, आणि कधी पोचते? काही ठिकाणी डब्ल्यूएमएस ऑर्डरमधला आकडा गुपचूप कमी करतं आणि नकाशा मात्र जुनाच राहतो. मग खोका नाही हे कळतं ते थेट रोबॉटसमोर, अर्धी थप्पी लागल्यावर. अशा जागी तुमचं निम्मं काम ही बातमी आधी मिळवण्याचं असतं.

पायरी १: खोका खरंच नाही, की यायचाय?

उशीर आणि गैरहजेरी यांत गल्लत करू नका. दोन्हींत रोबॉट थांबलेलाच दिसतो, उपाय मात्र उलटे आहेत. कन्व्हेयरच्या वळणावर तिरका होऊन अडकलेला खोका तीस सेकंदांत येईल. त्याच्यासाठी नकाशा बदललात तर तो मागाहून येऊन उभा राहील आणि त्याला जागाच नसेल.

म्हणून आधी डब्ल्यूसीएसच्या स्क्रीनवर त्या खोक्याचा शेवटचा स्कॅन कुठे झाला ते बघा. शटलने उचलल्याची नोंद आहे आणि पुढच्या स्कॅनरवर नाही, तर तो मधे कुठेतरी अडकलाय किंवा पडलाय. उचलल्याचीच नोंद नाही, म्हणजे जागा रिकामी होती किंवा तिथे वेगळाच माल होता. स्कॅनरपर्यंत आला पण 'नो रीड' झाला, म्हणजे बारकोड वाचला गेला नाही, तर तो रिजेक्ट लेनमध्ये, म्हणजे बाजूला काढलेल्या खोक्यांच्या पट्ट्यावर, पडलेला सापडेल. हा सगळ्यात सुखाचा प्रकार, कारण खोका धडधाकट असतो, फक्त लेबल चुरगळलेलं किंवा स्ट्रेच फिल्मखाली झाकलेलं असतं. नवं लेबल लावून तो परत आत सोडता येतो.

फाटलेला, ओला झालेला किंवा ग्रिपरमधून, म्हणजे रोबॉटच्या पकडीतून, सुटलेला खोका मात्र आला तरी न आल्यासारखाच धरा. बरेच पॅलेटायझर, म्हणजे थप्पी लावणारे रोबॉट, व्हॅक्यूमने वरून खोका ओढतात. वरची टेप उघडलेली असेल तर नुसती झाकणाची पानं वर उचलली जातील आणि खोका तिथेच राहील.

किती वेळ वाट बघायची, याला आकडा हवा. रोबॉट तासाला ६०० खोके रचत असेल तर प्रत्येकाला सहा सेकंद जातात, म्हणजे दोन मिनिटांची वाट म्हणजे वीस खोके गेले. त्याहून वाईट म्हणजे मागची रांग. सतरावा येत नाही म्हणून अठरावा, एकोणिसावा, विसावा बफरमध्ये, म्हणजे रोबॉटआधीच्या थांबण्याच्या जागेत, तुंबतात, बफर भरला की कन्व्हेयर थांबतो, कन्व्हेयर थांबला की शटल थांबतात, आणि ज्या शटलवर तो सतरावा खोका आहे तेही त्यांत अडकतं. आता तो कधीच येणार नाही. म्हणून वाट बघण्याची मर्यादा बफर भरायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी ठेवायची असते. बफरमध्ये बारा जागा असतील तर बारा खोक्यांचा वेळ संपण्याच्या बऱ्याच आधी निर्णय झालेला हवा.

पायरी २: रचलेलं आहे ते गोठवा

थप्पीत एकदा ठेवलेला खोका रोबॉट सहसा परत उचलत नाही. काही यंत्रणांना ते जमतं, पण त्यात वेळ जातो आणि शेजारचे खोके हलतात. तेव्हा विचार करताना थप्पीचे दोन भाग करा: जे रचून झालं ते आता जमीन आहे असं समजा, आणि जे उरलंय तेवढ्याचाच नव्याने विचार करा.

इथे एक गोष्ट डोळ्यांनी तपासायची. स्क्रीनवरचा नकाशा आणि समोरची थप्पी जुळतायत का? खोका सरकलाय का, एखादा कोपरा दबलाय का, पॅलेटच्या कडेबाहेर काही आलंय का? नवा नकाशा सॉफ्टवेअर स्क्रीनवरच्या थप्पीवर काढणार आहे, समोरच्या नाही. कॅमेरा किंवा लेझरने वरचा पृष्ठभाग मोजणारी यंत्रणा असेल तर तिचं मोजमाप घ्या. नसेल तर तुमची नजर.

पायरी ३: डोक्यावर कोण आहे?

हाच या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं आहे, आपल्याकडे सर्रास दिसतं ते. खोके ४०० बाय ३००, उंची २५०. एका थरात असे बरोबर दहा बसतात. सहा खोके दोन ओळींत, प्रत्येकाची ४०० ची बाजू पॅलेटच्या १२०० वर. त्यांनी १००० पैकी ६०० ची खोली व्यापली. उरलेल्या ४०० च्या पट्ट्यात चार खोके फिरवून ठेवायचे, ३०० ची बाजू १२०० वर. चार त्रिक बाराशे. कुठेही फट नाही. पुढचा थर असाच, पण अर्धा फेरा फिरवून, म्हणजे गवंडी विटांचे सांधे मोडतो तसे सांधे मोडतात.

आता या थरात एक खोका कमी आला. नऊच आहेत. फट कुठे ठेवायची?

कोपऱ्यात ठेवली, म्हणजे चारच्या पट्ट्यातला पहिलाच खोका गाळला, तर वरच्या थरातला कोपऱ्याचा खोका ४०० पैकी फक्त १०० मिलिमीटर टेकतो. पंचवीस टक्के आधार. तो पडणार, प्रश्न फक्त कधी याचा. स्किपचं बटण आंधळेपणाने दाबलं तर असंच काहीतरी होतं, कारण जो खोका आला नाही त्याची जागा कोपऱ्याचीही असू शकते.

फट पट्ट्यात मधे ठेवली, म्हणजे दुसरा खोका गाळला, तर वरचा मधला खोका निम्म्यावर टेकतो आणि कोपऱ्यातला पंचाहत्तर टक्के. जरा बरं, पण निम्म्या आधारावरचा खोका ब्रेक लागला की तिरका होणारच.

आता तीन खोके पसरून बघा: पहिला ० ते ३००, दुसरा ४५० ते ७५०, तिसरा ९०० ते १२००. तीनशेच्या एका भोकाऐवजी दीडशेच्या दोन फटी झाल्या. त्यावर वरच्या थराचे कडेचे तीन खोके, ० ते ४००, ४०० ते ८००, ८०० ते १२००. मोजून बघा, तिन्हींना प्रत्येकी ३०० चा आधार मिळतो. पंचाहत्तर टक्के, सगळ्यांना सारखा, आणि पॅलेटचे चारही कोपरे भरलेले. तेच नऊ खोके, तोच थर. वर एक जाड पुठ्ठ्याची शीट टाकली की फटींवरचा भार आणखी वाटला जातो.

हे कागदावर पेन्सिलने एकदा काढून बघाच. स्क्रीन बघून जे महिन्याभरात कळत नाही ते या एका चित्रात कळतं. किमान किती टक्के आधार हवा हे प्रत्येक साइटवर सेटिंगमध्ये ठरलेलं असतं. नवख्यांना मी पंचाहत्तर टक्के आणि चारही कोपरे टेकलेले, असं धरून चालायला सांगतो.

दोन खोके कमी असतील तर मात्र पसरण्यात अर्थ नाही. चारच्या पट्ट्यात दोन टोकांना दोन ठेवले तर मधे ६०० बाय ४०० चं भगदाड पडतं आणि वरच्या थरातला एक खोका चक्क हवेत येतो. इथे थर जुळवायच्या फंदात पडू नका. हा आठाचा थर सगळ्यात वर न्या. त्याच्यावर कोणीच बसणार नाही, मग भोक असलं तरी हरकत नाही. वर नेण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या: हे खोके खालच्यांपेक्षा जड नाहीत ना, आणि खालचे तेवढा भार घेणारे आहेत ना.

थप्पी सांधे मोडून नव्हे तर उभ्या खांबांसारखी, खोक्यावर तंतोतंत खोका अशी लावली असेल तर काम सोपं होतं. समान उंचीच्या खोक्यांत एक कमी पडला तर तो खांब फक्त एका खोक्याने बुटका होतो, म्हणजे उणीव आपोआप वर जाते. पण एक धोका आहे. नकाशात वरच्या खोक्याची झेड उंची जुनीच राहिली तर रोबॉट तो २५० मिलिमीटर वरून सोडून देईल. काचेच्या बाटल्या असतील तर एवढ्यावर खेळ संपतो. त्या खांबातल्या उरलेल्या प्रत्येक खोक्याची उंची बदलली आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुठ्ठ्याबद्दल दोन शब्द

आधार नुसता क्षेत्रफळात मोजून भागत नाही. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याचा भार मुख्यतः त्याचे कोपरे आणि उभ्या कडा घेतात, मधला पृष्ठभाग जवळपास काहीच घेत नाही. १९६३ मध्ये मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोक्याच्या ताकदीचं जे सूत्र मांडलं ते आजही वापरलं जातं. त्यात खोक्याचा घेर, पुठ्ठ्याची जाडी आणि पुठ्ठ्याच्या कडेची दाब सोसण्याची ताकद, एवढंच येतं. त्यामुळे वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध आला की चित्रात आधार शंभर टक्के दिसतो, पण प्रत्यक्षात तो खोका खचत असतो. सांधे मोडून लावलेल्या थप्पीत खोक्यांची दाब सोसण्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरू शकते. थप्पी घट्ट बांधली जाते हा फायदा, ताकद जाते हा तोटा. म्हणून खालचे जड थर खांबासारखे आणि वरचे एकदोन थर सांधे मोडून, हा मधला मार्ग बरेच जण घेतात, आणि मलाही तोच पटतो.

त्यात आपला पावसाळा. ९० टक्के आर्द्रतेत पुठ्ठ्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. भिवंडीत जुलैमध्ये डॉकचं शटर दिवसभर उघडं असतं आणि दारालगतचा माल हाताला दमट लागतो. मे महिन्यात चाललेला बदललेला नकाशा जुलैत चालेलच असं नाही. पावसाळ्यापुरती आधाराची मर्यादा वाढवून घ्या, म्हणजे सॉफ्टवेअर अर्धवट आधाराचे पर्याय स्वतःहून नाकारेल.

पायरी ४: काय करायचं ते ठरवा

आता पर्याय. हे सगळे तुमच्या स्क्रीनवर असतीलच असं नाही, पण डोक्यात असू द्या.

खोका वरच्या थरातला असेल आणि त्यावर काही येणार नसेल तर सरळ गाळा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

खोका मधल्या थरातला असेल तर आधी बघा, तोच माल याच ऑर्डरमध्ये किंवा शेजारच्या पॅलेटवर पुढे यायचा आहे का. असला तर तो आधी मागवून जागा भरा आणि उणीव पुढे ढकला. ढकलत ढकलत ती वरच्या थरात नेता आली तर प्रश्न मिटला. ही युक्ती मला सगळ्यांत आवडते, कारण दुकानाला जायचा माल तेवढाच राहतो आणि थप्पीही बिघडत नाही.

तसा माल नसेल तर त्याच तळाचा, जवळपास त्याच उंचीचा आणि भार घेणारा दुसरा खोका बघा. उंचीत पाच-दहा मिलिमीटरचा फरक शीटखाली खपतो, तीसचा खपत नाही. वरचा खोका डुगडुगतो. अन्नाच्या खोक्याच्या जागी डिटर्जंट किंवा फिनेल बसवू नका, माप जुळलं तरी. हे नियम सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण हाताने अदलाबदल करताना ते बाजूला पडतात.

इथे बदली आणि पर्यायी माल यांत फरक करा. वर सांगितली ती जागेची अदलाबदल, माल त्याच ऑर्डरचा. ऑर्डरमध्ये नसलेला माल घालणं ही वेगळी गोष्ट आहे. एक लिटरच्या बाटल्यांऐवजी त्याच तेलाच्या पाऊच, किंवा तोच साबण पण नवी एमआरपी, हे दुकानाने मान्य केलं असेल तरच. एमआरपी बदलली की बिल बदलतं, बॅच बदलली की एक्स्पायरीचा क्रम बदलतो. तो निर्णय तुमचा नाही, ऑर्डर डेस्कचा आहे.

यातलं काहीच जमत नसेल तर उरलेल्या खोक्यांचा नवा नकाशा काढायला सांगा. वेगवेगळ्या मापांचे खोके कमीत कमी जागेत बसवण्याचं गणित फार अवघड वर्गातलं आहे. खोके वाढले की शक्यता इतक्या वाढतात की सर्वोत्तम उत्तर शोधत बसलं तर ट्रक निघून जाईल. म्हणून सॉफ्टवेअर ठरावीक सेकंदांत जे पुरेसं चांगलं सापडेल ते देतं. नवा नकाशा जुन्यापेक्षा उंच किंवा ओबडधोबड दिसला तर घाबरू नका. उंची मर्यादेत आहे ना, जड माल खाली आहे ना, भार एका बाजूला झुकत नाही ना, एवढं बघा.

आणि शेवटचा पर्याय: पॅलेट अर्धवट बंद करा. आहे तेवढं गुंडाळून पुढे पाठवा, उरलेले खोके दुसऱ्या पॅलेटवर किंवा हाताने लावायच्या लेनमध्ये. नवे लोक हा पर्याय कमीपणाचा मानतात. तसं काही नाही. तळाच्या थरातच मोठी उणीव असेल तर हाच शहाणपणाचा निर्णय असतो, आणि तो जितका लवकर घ्याल तितके कमी खोके उलटे काढावे लागतात.

एक छोटी सूचना. भोक भरायला रिकामा खोका ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे. रिकाम्या खोक्याला आतून मालाचा आधार नसतो, तेव्हा तो हलक्या मालाखालीच चालतो. आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'रिकामा' लिहा, नाहीतर दुकानात तो मोजला जाईल आणि मग चोरीचा संशय कुणावर तरी येईल.

पायरी ५: क्रम बदलता येतो का, ते बघा

कागदावर सुंदर दिसणारा नवा नकाशा अनेकदा एका कारणाने फसतो: खोके त्या क्रमाने येऊच शकत नाहीत. कन्व्हेयरवर निघालेले खोके रांगेत असतात. विसावा आधी हवा म्हटलं तर अठरावा आणि एकोणिसावा कुठेतरी बाजूला उभे करावे लागतात. त्यासाठी क्रम लावणारा बफर असतो. कुठे उभा टॉवर असतो, कुठे समांतर लेन असतात. त्यात रिकाम्या जागा किती, यावरच तुमचं स्वातंत्र्य ठरतं. चार जागा रिकाम्या असतील तर साधारण चार खोके मागेपुढे करता येतील, चाळीस नाही.

त्यामुळे खोका नाही हे जितकं आधी कळेल तितकं स्वस्तात पडतं. माल शटलमधून सुटण्याआधी कळलं तर अख्खा नकाशा नव्याने काढता येतो, फुकटात. कन्व्हेयरवर कळलं तर बफरपुरतं. ग्रिपरखाली कळलं तर फक्त गाळणं, पसरणं किंवा थांबणं.

पायरी ६: आत हात घालायचा असेल तर

पडलेला खोका काढायला किंवा एखादा हाताने ठेवायला कुंपणाच्या आत जावं लागतं. इथे घाई अजिबात नको. आधी थांबवण्याची रीतसर विनंती द्या, रोबॉट हातातलं काम संपवून थांबू द्या, मगच इंटरलॉकचं दार (जे उघडं असताना यंत्र चालत नाही) उघडा, आणि स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा. लाइट कर्टन, म्हणजे कुणी ओलांडला की यंत्र थांबवणारा किरणांचा पडदा, पॅलेट बाहेर जाण्यासाठी तात्पुरता निष्क्रिय होतो, त्या वाटेने माणसाने आत शिरायचं नसतं. रोबॉट हाताने हलवायची वेळ आली तर तो शिकवण्याच्या मोडमध्येच. आयएसओ १०२१८ या मानकानुसार तिथे त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसतो. आणि हे काम प्रशिक्षण झालेल्या माणसाचंच. व्हॅक्यूम ग्रिपरला खोका लटकत असेल तर त्याच्याखाली उभं राहू नका. हवा गेली की तो पडतो.

बाहेर आल्यावर नवे लोक एक गोष्ट हमखास विसरतात: हाताने केलेला बदल सिस्टिमला सांगणं. खोका तुम्ही ठेवलात तर 'ठेवला' अशी नोंद करा, काढलात तर 'काढला'. तसं केलं नाही तर रोबॉट त्याच जागी दुसरा खोका दाबायला जातो, किंवा रिकाम्या जागेवर वरून सोडतो. पहिला खोका हळू वेगात ठेवू द्या आणि तो बघत उभे राहा.

पायरी ७: कागद जुळवा

थप्पी नीट लागली, गुंडाळली गेली. आता आकडे. पॅलेटवरचं एसएससीसी लेबल, तो अठरा आकडी क्रमांक, एका ठरावीक मजकुराशी जोडलेला असतो. एक खोका गाळलात तर तो मजकूर बदलायला हवा, नाहीतर दुकानाला आगाऊ गेलेली यादी खोटी ठरते. दुकानातला माणूस लेबल स्कॅन करून माल चढवून घेतो, खोके मोजत बसत नाही. फरक सापडेल तो महिन्याने, आणि तोवर कुणालाच काही आठवणार नाही.

जीएसटीचं बिल आणि ई-वे बिल शक्यतो पॅलेट बंद झाल्यावरच बनू द्या. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. बिल आधीच निघालं असेल आणि मग माल कमी पडला, तर ई-वे बिल २४ तासांत रद्द करता येतं, पण रस्त्यात त्याची तपासणी झाली असेल तर नाही. म्हणजे ट्रक गेटबाहेर पडण्याआधीच हे निस्तरायचं. डिस्पॅचवाल्याला फोन करायला कमीपणा वाटू देऊ नका.

हे आधीच टाळता येतं का?

बऱ्याच अंशी, हो. ज्या मालाचा साठा स्क्रीनवर दिसतो पण भरवशाचा नाही, म्हणजे जागेवर शेवटचे दोन-तीनच खोके दाखवतंय, किंवा ज्याची मोजणी बऱ्याच दिवसांत झालेली नाही, तो माल नकाशात शक्य तितका वर ठेवायला सांगा. तो आला नाही तरी त्यावर कोणी बसलेलं नसेल. अनेक यंत्रणांत मालाला असा प्राधान्यक्रम देता येतो, पण कुणी मागत नाही म्हणून दिलेला नसतो. तळासाठी नेहमी भरपूर साठ्याचा, जड, चौकोनी माल निवडावा. तेलाचे बॉक्स, पाण्याच्या बाटल्या, साखर हे त्यातले.

आणि मास्टर डेटा, म्हणजे प्रत्येक मालाच्या मापांची आणि वजनाची सिस्टिममधली नोंद. दिवाळीच्या ऑफरचा खोका नेहमीच्यापेक्षा वीस मिलिमीटर उंच असतो आणि कोड तोच राहतो. सॉफ्टवेअरला ते माहीत नाही. खोका येतो, माप जुळत नाही म्हणून बाहेर फेकला जातो आणि रिपोर्टमध्ये 'माल नाही' असं लागतं. माल आहे, मापच चुकीचं आहे. ऑफरचा माल गोदामात पहिल्यांदा उतरतो त्याच दिवशी त्यातला एक खोका मोजमापाच्या यंत्रावर ठेवून लांबी, रुंदी, उंची, वजन नव्याने नोंदवून घ्या. सणांच्या आधीच्या पंधरवड्यात तर हे रोजचं काम समजा.

शिफ्ट संपताना न आलेल्या प्रत्येक खोक्यासमोर कारण लिहा: जागा रिकामी, नो रीड, फाटका, माप चूक, उशीर. 'इतर' हा रकाना वापरू नका. सकाळच्या शिफ्टच्या मोजणीवाल्याला हीच यादी द्या, म्हणजे तो फिरत्या मोजणीत याच जागा आधी तपासेल. 'जागा रिकामी' असं जिथे लिहिलंय तिथला माल बहुतेक वेळा शेजारच्या जागेवर चुकून ठेवलेला असतो, तेव्हा डावी-उजवीकडची आणि वरची-खालची जागाही त्याला बघायला सांगा.